पोराला शेतीत उतरवताय? आधी खसऱ्यात त्याचं नाव येऊ द्या

इंदूर, महू, सांवेर आणि देपालपूर भागातल्या मराठी शेतकरी कुटुंबांकडून सध्या येणारे बरेचसे प्रश्न एकाच काळजीचे आहेत: पुढची पिढी शेतीत उभी कशी करायची? त्यांतल्या तीन प्रश्नांची उत्तरं इथे देतो. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण तो प्रश्न घरोघरचा आहे.

प्रश्न : सांवेरजवळ आमची वीस बिघे जमीन आणि एक ट्यूबवेल आहे. धाकटा मुलगा बीएस्सी कृषी झाला. नोकरी नको, शेतीच करतो म्हणतो. सगळी शेती त्याच्यावर सोपवू, की आणखी चार-पाच वर्षं हाताखाली ठेवू? तो ट्रॅक्टरसाठीही मागे लागला आहे.

दादा, दोन्ही करू नका. सगळी सोपवलीत आणि पहिलाच पावसाळा दगा देऊन गेला, तर पोराचा धीरही जाईल आणि घराची घडीही विस्कटेल. हाताखाली ठेवलात तर तो पाणी द्यायला, मजूर गोळा करायला आणि मंडीत ट्रॉली न्यायला शिकेल. पण काय पेरायचं, कधी विकायचं, पैसा कुठे लावायचा, हे ज्याला कधी ठरवायलाच मिळालं नाही त्याला शेती आली असं मी मानत नाही. चाळिशीला पोहोचलेली कर्ती मुलं अजून खताच्या गोणीसाठी वडिलांकडे हात पसरतात, हे या भागात फिरताना दिसतं. त्यांतले कितीतरी जण शेवटी पीथमपूरच्या कारखान्यात जातात, आणि मग बाप म्हणतो, पोरांना शेती नको.

माझा सल्ला असा. वीसपैकी चार बिघे, म्हणजे साधारण एक हेक्टर, त्याला द्या. नुसतं तोंडी नको, कागदावर द्या. मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम 178-क खाली भूमिस्वामी, म्हणजे जमिनीचा मालक, स्वतः हयात असताना आपल्या वारसांमध्ये शेतजमिनीची वाटणी करू शकतो. त्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. एवढा खटाटोप का? कारण महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचं जसं सातबाऱ्यावर चालतं, तसं आपलं खसरा आणि बी-1 या जमिनीच्या सरकारी नोंदींवर चालतं. त्यात मुलाचं नाव नसेल तर स्वतःच्या जमिनीवरचं किसान क्रेडिट कार्ड नाही, हमीभावाच्या खरेदीत त्याच्या नावावर नोंदणी नाही, ई-कृषी यंत्र अनुदान पोर्टलवर अर्ज नाही. सरकारी दप्तरात तो शेतकरीच नसतो, मग डिग्री कितीही मोठी असो.

दोन गोष्टी आधीच सांगतो, नंतर मनस्ताप नको. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार मुलाला मिळणार नाहीत. त्या योजनेत 1 फेब्रुवारी 2019 ही तारीख धरली आहे आणि त्यानंतर नावावर आलेल्या जमिनीला लाभ नाही, फक्त मालकाच्या मृत्यूनंतर वारशाने आलेली जमीन त्याला अपवाद आहे. सहा हजारांसाठी वाटणी अडवून धरू नका. दुसरं, जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलींचाही हिस्सा आहे. अर्ज करायच्या आधी त्यांना घरी बोलावून समोरासमोर बोला.

उरलेले सोळा बिघे मात्र स्वतःच्या नावावरच राहू द्या. मुलाच्या प्रेमापोटी सगळं लिहून देऊन उतारवयात औषधपाण्यासाठी हात पसरण्याची वेळ कोणावर येऊ नये.

आता चार बिघे कोणते द्यायचे? बांधाकडेची, पाणी साचणारी पट्टी पोराच्या माथी मारू नका. ट्यूबवेलचं पाणी पोहोचेल असा तुकडा द्या आणि पाण्याची पाळी ठरवून द्या. बँकेत त्याचं खातं वेगळं, वही वेगळी. तुमचा बैल, तुमचं औजार, तुमची मजुरी त्याने वापरली तर त्या वहीत भाड्यासकट लिहावी. हे परकेपणाचं वाटतं खरं, पण खर्च लपला की नफा खोटा दिसतो.

पहिल्या खरिपात सोयाबीनच घ्या म्हणेन, कारण चुकला तर दुरुस्त करायला तुम्ही शेजारी आहात. बियाणं विकत आणण्याआधी घरातलं तपासायला त्याला लावा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी उलगडून निरोगी कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर बियाणं पेरायच्या लायकीचं. सोयाबीनचं टरफल फार नाजूक असतं. पोती उंचावरून आपटली किंवा मळणी यंत्र जोरात फिरवलं की दाणा वरून चांगला दिसतो आणि आत अंकुर मेलेला असतो. बियाण्याची मळणी करताना फेरे मिनिटाला साडेतीनशे-चारशेच्या पुढे जाऊ देऊ नका.

हेक्टरी साठ ते सत्तर किलो बियाणं पुरतं. आपल्याकडे सर्रास शंभर किलो टाकतात, त्याने झाडं दाटतात, लोळतात आणि खर्चही वाढतो. ओळींत 45 सेंटिमीटर अंतर ठेवा. साधारण शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही, शेजाऱ्याची तिफण सुरू झाली तरी नाही. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि जिवाणूंचं कल्चर अगदी पेरायच्या वेळी. एकाच वाणावर सगळा भार टाकू नका. जेएस 95-60 लवकर निघतं म्हणून सगळ्यांना आवडतं, पण पिवळ्या मोझॅक रोगाला ते पटकन बळी पडतं. अर्ध्यात दुसऱ्या कालावधीचं वाण ठेवा. काळ्या जमिनीत रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर जास्त पावसात पाणी निघून जातं आणि उघडीप पडली तर सरीतली ओल कामी येते.

हिशेबाचं बोलू. हेक्टरी बारा क्विंटल आले आणि 2025-26 चा 5328 रुपयांचा हमीभाव मिळाला, तर हातात 64 हजारांच्या आसपास येतात, तेही खर्च वजा न करता. मंडीत भाव त्याहून खाली गेला तर आणखी कमी. म्हणजे चार बिघ्यांच्या सोयाबीनवर संसार होत नाही, हे पोराला पहिल्याच वर्षी स्वतःच्या वहीत दिसू द्या. तिथूनच पुढचा विचार सुरू होतो: रब्बीत गहू की लसूण, बटाटा की हरभरा, बियाणं तयार करून विकायचं का, की माल घरीच प्रक्रिया करून विकायचा. खंडवा रोडवरच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी 142 नावाचं वाण काढलं आहे. सोयाबीनच्या उग्र वासाला कारणीभूत असणारा एक घटक आणि पचनाला अडथळा करणारा घटक, दोन्ही त्यात नाहीत. दूध, पनीर करणाऱ्याला असा माल हवा असतो. त्या संस्थेत सोया पदार्थांचं प्रशिक्षणही होतं. बीएस्सी झालेल्या मुलाला तिथे जाऊन यायला सांगा.

ट्रॅक्टर आत्ता नको. वीस बिघ्यांवर ट्रॅक्टरचा हप्ता फिटत नाही. नांगरट, पेरणी भाड्याने करून घ्या. त्यापेक्षा त्याला खत करायला शिकवा. शेण, काडीकचरा, गोठ्यातली मूत्र भिजलेली माती आणि थोडी राख थराथराने रचायची, ओल ठेवायची, तीनदा उलथायची, की तीन महिन्यांत कंपोस्ट तयार. ही पद्धत जगभर इंदूरच्याच नावाने ओळखली जाते. 1924 साली इथे सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी ती बसवली. आपल्याच मातीतली गोष्ट आहे आणि आपल्याच उकिरड्यांवर शेण वाळून वाया जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : मी इंदुरात नोकरी करते. वडिलांची देपालपूरला जमीन आहे, भावांना रस नाही. मला भाजीपाला करायचा आहे. घरचे म्हणतात, मुलीचं काम नाही.

ताई, काम तुमचंच आहे आणि हक्कही. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. पण भांडणापासून सुरुवात करू नका, एक बिघा मागा. तेवढ्यात ठिबक बसवा. लहान शेतकऱ्याला त्यावर 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान आहे. पहिलं वर्ष नोकरी सोडू नका. पॉलिहाऊसवाले विक्रेते येतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. रोपं विकत न आणता स्वतः करायला शिका. कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विषयतज्ज्ञांना भेटा. आणि लागवडीआधी पहाटे चोइथराम मंडीत जाऊन या. कोणती भाजी कोणत्या महिन्यात चढते, आडत किती कापतात, कोणता माल बाजूला फेकतात, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बी घेऊ नका.

प्रश्न : आमच्याकडे स्वतःची जमीन नाही. मुलगा बटाईने, म्हणजे दुसऱ्याची जमीन पिकाच्या वाट्यावर घेऊन, शेती करायला तयार आहे, पण मालक कागद करून द्यायला घाबरतात.

काका, मालकांची भीती समजण्यासारखी आहे. कूळ लागून जमीन जाईल असं त्यांना वाटतं. त्यासाठीच राज्यात 2016 मध्ये भूमिस्वामी आणि बटाईदार दोघांच्या हिताचा कायदा झाला. लेखी करार केला तरी मालकी मालकाचीच राहते, बटाईदाराचा हक्क फक्त करारापुरता असतो. हे त्यांना शांतपणे समजावा, हवं तर तहसीलमध्ये सोबत घेऊन जा. करारात तीन गोष्टी नक्की लिहा: खर्च कोण किती करणार, पिकाची वाटणी कशी, आणि गारपीट किंवा अतिवृष्टीची भरपाई व विम्याची रक्कम कोणाला किती मिळणार. तोंडी बटाईत नुकसान बटाईदाराचं होतं आणि भरपाई खसऱ्यातल्या नावावर जाते. मेहनत करणाऱ्या पोराचं मन तिथेच मोडतं. करार खरिपाच्या पेरणीआधी झाला पाहिजे. एक प्रत तहसीलदारांकडे द्या, झेरॉक्स जपून ठेवा आणि पीक विमा त्याच कागदावर काढा. खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबिया पिकांसाठी शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या दोन टक्के आहे, रब्बीत दीड टक्का. खरिपाची मुदत बहुधा जुलैअखेर संपते, त्यामुळे जूनमध्येच पटवाऱ्यांना, म्हणजे इथल्या तलाठ्यांना, भेटून घ्या.