पुराच्या बातमीसाठी ड्रोन घ्यावा का?

प्रश्न: नमस्कार सर, लातूर जिल्ह्यात आमचं छोटं साप्ताहिक आणि यूट्यूब चॅनल आहे. तेरणा-मांजरा फुगली की मोठे चॅनलवाले वरून शूटिंग दाखवतात अन् आम्ही पुलावर मोबाईल धरून उभे. लग्नाचं शूटिंग करणारा मित्र जुना ड्रोन देतो म्हणतोय. घ्यावा का? लायसन लागतं का? – एक वार्ताहर, औसा

उत्तर: लागतं भाऊ. 2021 च्या नियमात 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन म्हणजे नॅनो, त्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, त्याच्यावर 2 किलोपर्यंतचा मायक्रो, तो नुसत्या हौसेला उडवला तर माफी, पण तुम्ही चॅनलसाठी उडवणार म्हणजे हौस कुठं राहिली? दहावी पास, वय 18 ते 65 आणि मान्यताप्राप्त संस्थेत ट्रेनिंग, एवढं लागतं. मित्राकडं सर्टिफिकेट आहे का, ड्रोन सरकारकडं नोंदवलेला आहे का ते आधी बघा. बिलही मागा, कारण तयार परदेशी ड्रोन आणायला फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे.

खरं सांगू का, पुरासाठी घेताय हेच मला पटत नाही. असले ड्रोन भर पावसात उडवताच येत नाहीत अन् बॅटरी अर्धा तास टिकली तरी लई झालं. त्यात बचावाचं हेलिकॉप्टर आलं तर लगेच खाली घ्यायचा, शॉट गेला तर गेला. ड्रोनची खरी बातमी पाऊस उघडल्यावर असते, वाहून गेलेली शेतं, नदीतले वाळू उपशाचे खड्डे जे रस्त्यावरून कुणाला दिसतच नाहीत. मांजरा धरण दर महिन्याला एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून घ्या, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या लातूरकरांना ती सिरीज बघायला आवडेल. पण त्यासाठी ड्रोन विकत घ्यायची गरज नाही, सर्टिफिकेटवाला पायलट दिवसावर बोलवा, त्याचं लक्ष ड्रोनवर अन् काय टिपायचं ते तुमचा वार्ताहर सांगेल.

उडवण्याआधी कुठं उडवता येतं ते दाखवणारा सरकारी नकाशा बघायचाच. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे मोकळीक असलेल्या भागात, 400 फुटांपर्यंत परवानगी नको, विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंतच. मोर्चाच्या वेळी एसपी तात्पुरता रेड झोन, म्हणजे परवानगीशिवाय ड्रोन बंद, लावू शकतात, 96 तासांपर्यंत, तेव्हा पोलीस स्टेशनला फोन करूनच निघा. आणि सरपंचाच्या कानावर घाला, जालना-बीडकडं 2024 ला रात्रीच्या ड्रोननं लोक इतके धास्तावले होते की आता दिवसाढवळ्या घरघर ऐकली तरी माणसं गोळा होतात.