कोविडनंतर डी-डायमर वाढलाय, रक्त पातळ करायची गोळी सुरू करावी का?

घरीच कोविडमधून उठलेल्या तुमच्या ६८ वर्षांच्या बाबांचा रक्ततपासणीत डी-डायमर ८५० आलाय आणि शेजारचे काका म्हणतायत, इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिनची गोळी, चालू करा. मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दुसऱ्या लाटेत लोक नाव सांगायच्या आधी एचआरसीटीचा (छातीच्या सीटी स्कॅनचा) स्कोअर आणि डी-डायमर सांगायचे, तेव्हापासून या आकड्याशी गाठ आहे.

आधी आकड्यापुढचं एकक बघा. डी-डायमर एफईयू आणि डीडीयू अशा दोन एककांत मोजतात, आणि एफईयूतला आकडा डीडीयूपेक्षा साधारण दुप्पट दिसतो. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘वाढला हो!’ म्हणणारे नेहमी भेटतात. एफईयूत ५०० नॅनोग्रॅम ही नेहमीची मर्यादा. पन्नाशीपुढे बरेच डॉक्टर वय गुणिले दहा धरतात, म्हणजे बाबांना ६८०. आणि डी-डायमर म्हणजे गुठळी नव्हे. रक्त गोठताना तयार झालेली फायब्रिनची जाळी शरीर पुन्हा तोडतं, त्याचे ते तुकडे. न्यूमोनिया, ऑपरेशन, गरोदरपण, कशानेही वाढतो. नॉर्मल आला तर डॉक्टरांना गुठळीची शंका बाजूला ठेवायला मदत होते, वाढला म्हणून गुठळी आहेच असं नाही.

भीती मात्र उगाच नव्हती. कोविडमध्ये रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं, त्यातून व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे रक्त गोठायला मदत करणारं प्रथिन सुटतं, प्लेटलेट त्याला चिकटतात. त्यात माणूस ऑक्सिजनवर पडून असला की पायातलं रक्त मंदावतं. २०२० मधल्या एका शवविच्छेदनाच्या अभ्यासात कोविडने गेलेल्यांच्या फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत फ्लूने गेलेल्यांच्या नऊपट सूक्ष्म गुठळ्या सापडल्या. म्हणून तर ॲडमिट पेशंटला पोटावर हेपारिनची, म्हणजे गुठळी रोखणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं देत. तरी २०२१ च्या चाचण्यांत हेपारिनच्या पूर्ण डोसचा फायदा वॉर्डातल्यांना दिसला, आयसीयूतल्यांना नाही. घरी बरे होणाऱ्यांना ॲस्पिरिन किंवा अपिक्साबॅन (रक्त पातळ करायची दुसरी गोळी) देऊन पाहणारी अमेरिकेतली चाचणी तर मध्येच थांबवली, कारण त्यांच्यात गुठळ्यांचा असा त्रासच फार थोड्यांना झाला. तुमचे बाबा याच गटातले.

तेव्हा काकांना चहा पाजा, गोळी घेऊ नका. हृदयासाठी आधीपासून चालू असेल तर मात्र मनाने बंदही करू नका. एकच पाय सुजला, पोटरी दुखली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर पुन्हा आमच्याकडे रक्त द्यायला येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि पावसाळ्यात परत ताप चढला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत इकोस्प्रिन स्वतःहून मुळीच नको, त्यात रक्तस्रावाचा धोका असतो.