लिटोरिना नेग्लेक्टा ही समुद्री गोगलगाय वेगळी प्रजाती आहे का? आणि लिटोरिना सॅक्सॅटिलिस नेमकी कुठे सापडते?

तुमच्याकडच्या संग्रहातल्या एका जुन्या डबीवर ‘लिटोरिना नेग्लेक्टा, बार्नेकलच्या रिकाम्या कवचातून’ असं लेबल आहे (बार्नेकल म्हणजे खडकाला कायमचा चिकटून राहणारा, टणक कवचाचा छोटा समुद्री जीव). आजच्या यादीत ते नाव शोधलं की यादी लिटोरिना सॅक्सॅटिलिसकडे बोट दाखवते. मग नेग्लेक्टा गेली कुठे, आणि सॅक्सॅटिलिसच्या नकाशावर उत्तर अटलांटिकच्या जोडीला व्हेनिस आणि दक्षिण आफ्रिका कशी, असं तुम्ही विचारलंय.

नेग्लेक्टा कुठेही गेलेली नाही. ती सॅक्सॅटिलिसच आहे, फक्त मोहरीएवढी. आणि नावांचा घोळ काय किंवा नकाशा काय, दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: या गोगलगायीची पिल्लं समुद्रात तरंगत नाहीत.

हिची मोठी नातेवाईक लिटोरिना लिटोरिया पाण्यात अंडी सोडते. त्यातून निघालेले डिंभक, म्हणजे तरंगती सूक्ष्म पिल्लं, कित्येक आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि मग मिळेल त्या किनाऱ्याला लागतात. सॅक्सॅटिलिसची मादी अंडी पोटातच ठेवते. पिल्लू बाहेर येतं ते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा शंख घेऊन, आणि आईच्याच खडकावर सरपटायला लागतं. त्यातली बहुतेक पिल्लं आयुष्यभर काही मीटरच्या पलीकडे जात नाहीत.

त्यामुळे खडकागणिक वेगळं रूप तयार होतं. जिथे खेकडे आहेत तिथे शंख मोठा, जाड आणि अरुंद तोंडाचा असतो, म्हणजे खेकड्याला तो सहज फोडता येत नाही. लाटा आपटतात तिथे खेकडे कमी, पण वाहून जायची भीती जास्त. तिथला शंख छोटा, पातळ आणि रुंद तोंडाचा, कारण घट्ट चिकटून राहायला मोठा पाय लागतो. स्वीडनमध्ये या दोन टोकांमधलं अंतर कधीकधी काही पावलांचंच असतं. दोन्ही रूपं मध्यावर भेटतात आणि त्यांचा संकरही होतो.

आता अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या निसर्गअभ्यासकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. हातात फक्त शंख, आणि प्रत्येक खाडीत निराळा. ज्युझेप्पे ओलिवी यांनी १७९२ मध्ये एड्रियाटिकच्या प्राण्यांवरच्या ग्रंथात हिला टर्बो सॅक्सॅटिलिस म्हटलं. १७९७ मध्ये रूडिस हे नाव आलं, १८०३ मध्ये खाऱ्या तळ्यातल्या रूपासाठी टेनेब्रोसा, आणि १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्कारबरोच्या विल्यम बीन यांनी नेग्लेक्टा दिलं. हे चालूच राहिलं. समुद्री जीवांची जागतिक नोंदवही ‘वर्म्स’ने २०१५ मध्ये हिशेब मांडला तेव्हा या एका प्रजातीच्या नावावर ११३ वेगवेगळी नावं निघाली. त्या मोजणीतला तो उच्चांक होता.

बीन यांना मी दोष देणार नाही. त्यांचा तर्क चांगलाच होता. ही गोगलगाय दोन-तीन मिलिमीटरलाच वयात येते, म्हणजे ती मोठ्या गोगलगायीचं पिल्लू नव्हे. ती राहते लाटांचा मारा बसणाऱ्या खडकांवर, मेलेल्या बार्नेकलच्या कवचात. तिथे जास्त वाढायला जागाच नाही, आणि वाढून बाहेर आली तर लाट उचलून नेणार. लहानपणीच वयात येणं हा तिथे जगायचा मार्ग आहे. पण पुढे एकाच किनाऱ्यावरच्या चिमुकल्या आणि मोठ्या गोगलगायींची प्रथिनं व जनुकं ताडून पाहिली, तेव्हा वेगळी प्रजाती मानावी इतकं अंतर मिळालं नाही. मधल्या आकाराचे नमुनेही सापडत राहिले. डेव्हिड रीड यांनी १९९६ मध्ये लिटोरिनावर जो मोठा प्रबंध लिहिला, त्यात नेग्लेक्टा सॅक्सॅटिलिसमध्ये जमा झाली. आता तिला ‘बार्नेकल इकोटाइप’ म्हणतात; इकोटाइप म्हणजे एकाच प्रजातीचं विशिष्ट जागेला जुळलेलं रूप.

याच्या अगदी उलटं उदाहरण म्हणजे लिटोरिना अर्काना. शंख सॅक्सॅटिलिससारखाच, राहायची जागाही बऱ्याचदा तीच, पण प्रजाती वेगळी. ती लक्षात आली थेट १९७८ मध्ये. शंख फोडून मादी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली की उलगडा होतो: सॅक्सॅटिलिसच्या मादीत पिशवी असते आणि तिच्यात दाटीवाटीने भ्रूण, काहींना चक्क इवलासा शंख आलेला. अर्कानाच्या मादीत तिथे जाडसर पांढरट ग्रंथी दिसते. अंड्यांभोवतीचा जेलीचा लगदा तीच बनवते, आणि अंडी खडकाच्या फटीत घातली जातात. नर हाती लागला तर शिश्नावरच्या ग्रंथी बघत बसावं लागतं, आणि तिथे अनुभवी माणसंही कचरतात.

पिल्लं पोटात ठेवायची ही सवय फार जुनी नाही. २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासानुसार ती गेल्या साधारण एक लाख वर्षांतली आहे, आणि तिच्याशी जीनोममधले सुमारे ५० भाग जोडलेले आहेत.

रूप किती लवकर पालटतं हेही आता प्रत्यक्ष पाहिलं गेलंय. १९८८ मध्ये विषारी शैवाल फोफावल्याने स्वीडनच्या कोस्टर बेटांजवळच्या छोट्या खडकांवरच्या या गोगलगायी मेल्या. १९९२ मध्ये अशा एका खडकावर खेकड्यांच्या भागातल्या जाड शंखाच्या सुमारे ७०० गोगलगायी सोडल्या. तीसेक पिढ्यांत तिथे लाटेवरचं रूप तयार झालं होतं. शंखावरून नाव द्यायचं ठरवलं असतं तर एकाच वंशाला दोन नावं द्यावी लागली असती.

आता नकाशा. मूळ पसारा उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर आहे: युरोपात आर्क्टिक नॉर्वेपासून खाली स्पेन-पोर्तुगालपर्यंत, मध्ये आइसलंड आणि ग्रीनलंड, पलीकडे कॅनडा आणि अमेरिकेचा पूर्व किनारा. तरंगती पिल्लं नसताना इतका पसारा हे कोडं वाटतं खरं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला खुल्या समुद्रात रॉकॉल नावाचा जेमतेम १७ मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा सुळका आहे, जवळचं बेट साधारण ३०० किलोमीटरवर. तिथे सॅक्सॅटिलिस आहे, पण आठवडेच्या आठवडे तरंगणाऱ्या पिल्लांची लिटोरिया नाही! स्वीडिश जीवशास्त्रज्ञ केर्स्टिन योहानेसन यांनी १९८८ मध्ये याच विरोधाभासावर शोधनिबंध लिहिला. लिटोरियाचे डिंभक रॉकॉलला चुकून पोचले, वाढले, तरी त्यांची पिल्लं पुन्हा समुद्रात पांगणार आणि त्या खडकावर वस्ती टिकणार नाही. सॅक्सॅटिलिसची एकच गाभण मादी शैवालाच्या तुकड्यावर बसून आली तरी पुरे, कारण तिची पिल्लं तिथेच राहतात. शिवाय एका मादीच्या पिल्लांचे १५ ते २३ बाप असल्याचं २०१० च्या एका अभ्यासात दिसलंय, म्हणजे एकटी मादीही बरीच जनुकीय विविधता सोबत नेते.

माणसानेही हातभार लावलाय. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात ही १९९० च्या दशकात सापडली. मासेमारीच्या गळाला लावायचे किडे अटलांटिक किनाऱ्यावरून ओल्या शैवालात गुंडाळून पाठवतात, त्यातून ती आली असं मानतात. दक्षिण आफ्रिकेत लँगेबान आणि नाइस्ना या दोन खाऱ्या सरोवरांत ती आहे, तीही बाहेरून आलेलीच समजली जाते. व्हेनिसची वस्ती मात्र गमतीची. ती मुख्य पसाऱ्यापासून पार तुटलेली आहे, आणि प्रजातीचं मूळ वर्णन नेमकं तिथल्याच नमुन्यांवरून झालं.

राहता राहिली तुमची डबी. जुनं लेबल काढू नका, खोडूही नका. ‘बार्नेकलच्या रिकाम्या कवचातून’ हे शब्द सोन्यासारखे आहेत, कारण शंखापेक्षा जास्त माहिती त्यांत आहे. शेजारी दुसरी चिठ्ठी ठेवा: ‘लिटोरिना सॅक्सॅटिलिस (ओलिवी, १७९२), बार्नेकल इकोटाइप’, आणि खाली तारीख व तुमचं नाव. ओलिवींचं नाव कंसातच लिहा, कारण त्यांनी ती लिटोरिनात नव्हे, तर टर्बो या दुसऱ्या गटात टाकली होती, आणि गट बदलला की मूळ नाव देणाऱ्याचं नाव कंसात जातं. डबीत नुसते कोरडे शंख असतील तर ‘फक्त शंखावरून ओळख’ एवढंही जोडा. स्पिरिटमधले नमुने असतील तर एखादी मादी उघडून पिशवी बघता येईल.