‘सी’च्या घरात ‘होतं’, बाहेर ‘असतं’

“मॅडम, झोपेतून उठवून नियम विचारा, धडाधड सांगेन. पण बोलायला तोंड उघडलं की सगळं विरघळून जातं. वय झालं म्हणून होतं का हो असं?”

हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की वाक्य संपायच्या आतच मला तो ओळखू येतो. आधी बरीच वर्षं मी फ्रेंच शिकवलं, मग समुपदेशनाकडे वळले. त्यामुळे भाषा शिकताना मन खचलेली मोठी माणसं माझ्याकडे येतात. ज्यांची ही गोष्ट आहे त्या बाई एक्केचाळीस वर्षांच्या, पुण्यात हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण त्यांची वाक्यं त्यांचीच आहेत.

त्या डेल्फ बी-२ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची तयारी करत होत्या. एकदा थोडक्यात हुकली होती. त्यांना वाटे, अपयशाचं मूळ एकाच काळात आहे: काँदिस्योनेल पासे. म्हणजे ‘गेले असते, केलं असतं, झालं असतं’ सांगणारा काळ. एका वर्गात त्या ‘सी झोरे स्यु’ असं म्हणाल्या, ‘मला माहीत असतं तर’ या अर्थी. शिक्षकांनी चूक दाखवली आणि दुरुस्त वाक्य सगळ्यांसमोर तीनदा म्हणायला लावलं. वर्ग हसला. तेव्हापासून ‘सी’, म्हणजे ‘जर’, हा शब्द समोर आला की त्यांचा घसा कोरडा पडायचा.

पहिल्या भेटीत मी फ्रेंचला हातच लावला नाही. त्यांना बोलू दिलं. त्या बारावीनंतरचं सांगत होत्या. भाषा घेऊन शिकायचं होतं, घरची परिस्थिती नव्हती, बी.कॉम. झालं, लगेच नोकरी. “तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हट्ट धरला असता. बाबांनी नाही म्हटलं नसतं. मी शिक्षिका झाले असते.” मी समोरच्या कागदावर एकेक रेघ ओढत होते. वीसेक मिनिटांनी कागद त्यांच्याकडे वळवला. चौदा रेघा होत्या. “हे काय?” म्हणाल्या. मी म्हटलं, “ताई, जो काळ तुम्हाला येत नाही म्हणता, तो आत्ता तुम्ही चौदा वेळा वापरलात.”

ही त्यांना धीर द्यायला केलेली युक्ती नव्हती. शाळेतलं ‘पाऊस पडला असता, तर पीक चांगलं आलं असतं’ आठवून पाहा. ‘आला असता’मध्ये ‘आला’ हे झालेल्या क्रियेचं रूप आणि त्याला जोडलेलं ‘असता’. फ्रेंचमध्येही तेच दोन तुकडे आहेत. साहाय्यक क्रियापद ‘झोरे, त्यु ओरे, इल ओरे, नूझोरियों, वूझोरिए, इलझोरे’ असं चालतं आणि पुढे भूतकाळी धातुसाधित येतं. ‘झोरे माँझे’ म्हणजे ‘मी खाल्लं असतं’. फरक इतकाच की आपलं एकटं ‘असणे’ सगळीकडे पुरतं, त्यांच्याकडे दोन साहाय्यक आहेत, आव्वार (जवळ असणे) आणि एत्र (असणे). येणं, जाणं, निघणं, पोचणं, पडणं, जन्मणं, मरणं, राहणं अशी मोजकी क्रियापदं आणि स्वतःवर उलटणारी सगळी क्रियापदं एत्र घेतात, बाकीची आव्वार. म्हणून ‘मी आले असते’ हे ‘झ सरे व्हन्यु’ होतं, ‘झोरे व्हन्यु’ नाही.

इथे मराठी माणसाला एक आधार मिळतो, तो मी नेहमी सांगते. ‘ती बाहेर गेली असती’ यात ‘ने’ नाही, फ्रेंचमध्ये एत्र. ‘तिने बॅग बाहेर काढली असती’ यात ‘ने’ आला, फ्रेंचमध्ये तेच सोर्तीर (बाहेर जाणं, बाहेर काढणं) क्रियापद आव्वारकडे जातं. हा आधार सगळीकडे टिकत नाही. ‘तो झोपला असता’मध्ये ‘ने’ नाही तरी फ्रेंचला आव्वारच लागतं. पण सोर्तीर, माँते (चढणं), देसाँद्र (उतरणं) अशा दोन्हीकडे जाणाऱ्या क्रियापदांपाशी तो फार कामाला येतो. बाईंना तो इतका आवडला की पुढच्या भेटीला त्या स्वतःच सहा वाक्यं घेऊन आल्या. लिंगाची गोष्टही तशीच. ‘चिठ्ठी लिहिली असती, पत्र लिहिलं असतं’ हे आपल्या कानाला उपजत कळतं. फ्रेंचमध्ये आव्वारबरोबर कर्म आधी आलं तरच ते जुळतं: ‘झोरे एक्री ला लेत्र’ (मी चिठ्ठी लिहिली असती), पण ‘ला लेत्र क झोरे एक्रित’ (जी चिठ्ठी मी लिहिली असती). कर्माप्रमाणे क्रियापद बदलणं ज्यांच्या मातृभाषेत आहे, त्यांना यात घाबरण्यासारखं काय आहे?

मग अडत होतं कुठे? नेमकं एकाच जागी. मराठी दोन्ही बाजूंना ‘असता’ ठेवते: पडला असता तर आलं असतं. म्हणून मराठी तोंडातून ‘सी’नंतर ‘झोरे’च बाहेर पडतं. बाईंची चूक आळसाची नव्हती, विसरभोळेपणाची नव्हती आणि वयाची तर मुळीच नव्हती. आपल्या भाषेचं वळण त्या इमानाने पाळत होत्या. फ्रेंच ‘सी’ला मात्र ‘असता’ चालत नाही. त्याला प्ल्यूस-क-पार्फे हवं, म्हणजे आपलं साधं ‘होता’. ‘सी झावे स्यु, झ सरे व्हन्यु’ हे शब्दशः ‘जर मला कळलं होतं, तर मी आले असते’. मराठीत हे कानाला खुपतं, खुपू द्यावं. मी त्यांना एवढंच पाठ करायला सांगितलं: ‘सी’च्या घरात ‘होतं’, बाहेर ‘असतं’. वाक्य उलटं फिरवलं, ‘सी’ मागे गेला, तरी घर तेच राहतं.

आणि हेही सांगितलं की फ्रान्समधली मुलं स्वतःच्या मातृभाषेत हीच चूक करतात. त्यांना शाळेत ‘ले सी नेम पा ले रे’ असं शिकवतात, म्हणजे ‘सी’ला ‘रे’ने संपणारी रूपं आवडत नाहीत. ऐकायला ते ‘करवतीला पाकट मासा आवडत नाही’ असंही लागतं, कारण करवतही ‘सी’ आणि पाकटही ‘रे’. बाई हसल्या. वर्गातल्या त्या दिवसानंतर या वाक्याच्या निमित्ताने त्या पहिल्यांदा हसत होत्या, आणि मला ते फार मोलाचं वाटलं.

वयाबद्दलही बोलले. उच्चारांत मुलं पुढे जातात, हे खरं. पण व्याकरणाचा सांगाडा मोठी माणसं सुरुवातीला मुलांपेक्षा लवकर पकडतात. परीक्षेचं गणितही मांडलं, कारण भीती आकडे पाहत नाही. डेल्फला चार भाग, प्रत्येकी २५ गुण. १०० पैकी ५० मिळवायचे आणि कुठल्याही भागात ५च्या खाली जायचं नाही. एका काळाच्या रूपांवर कुणी त्यात नापास होत नाही. त्या धास्तीने गप्प बसलं तर मात्र तोंडी परीक्षेत गुण जातात.

पुढच्या भेटींत दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे ‘करायला हवं होतं’. मराठीत तिथे ‘असतं’ नाही, म्हणून बाईंना फ्रेंच रूप सुचायचंच नाही. फ्रेंचमध्ये तेही याच काळात जातं: झोरे द्यु. बी-२च्या लेखनात तासाभरात २५० शब्द लिहायचे असतात, अनेकदा औपचारिक पत्र. तिथे ‘वूझोरिए द्यु म प्रेव्हनीर’, ‘तुम्ही मला आधी कळवायला हवं होतं’, हे एक वाक्य तक्रारीला मान आणि धार दोन्ही देतं. दुसरी गोष्ट ऐकण्यातली. बातमीत ‘ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने’ ऐकून त्यांनी सरावात उत्तर लिहिलं होतं की मंत्र्यांनी राजीनामा दिला असता. अर्थ तो नाही. खात्री नसलेली बातमी फ्रेंच पत्रकार याच काळात सांगतात. मी म्हटलं, “मंत्र्यांनी राजीनामा दिला म्हणे.” त्यांनी टाळीच वाजवली. ‘म्हणे’इतकं चपखल भाषांतर मला दुसरं ठाऊक नाही.

चौथ्या भेटीत मी त्यांना स्वतःबद्दल एक वाक्य लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं, ‘विसाव्या वर्षी मी फ्रेंच शिकले असते तर’, फ्रेंचमध्ये, अचूक: ‘सी झावे आप्री’. आणि पेन थांबलं. डोळे भरले होते. मी बराच वेळ काही बोलले नाही. मग विचारलं, “पुढे काय, झोरे पार्ले की झ पार्लरे?” मराठीत ‘चांगलं बोलले असते’ दोन्हींना चालून जातं. फ्रेंच विचारते, हे तेव्हाचं की आजचं? झोरे पार्ले म्हणजे तेव्हा बोलले असते. झ पार्लरे म्हणजे आज, आत्ता, याहून चांगलं बोलत असते. त्या कागदाकडे पाहत राहिल्या आणि झ पार्लरे लिहिलं. त्याखाली आणखी एक ओळ, मी न सांगता: ‘झोरे एते प्रोफेसर’, मी शिक्षिका झाले असते. ही ओळ त्यांनी भूतकाळातच राहू दिली. मीही तिला हात लावला नाही. त्या दिवशी आम्ही व्याकरण पुढे नेलं नाही, बाबांबद्दल बोललो.

सातव्या भेटीला त्या वीस मिनिटं उशिरा आल्या. पाऊस होता, छत्री गळत होती. दारातच, चपला काढता काढता त्या म्हणाल्या, “झ सरे आरिव्हे प्ल्यु तो सी ल ब्यूस नेते पा ताँबे आँ पान.” बस बंद पडली नसती तर लवकर पोचले असते. दोन्हीकडे एत्र, ‘सी’च्या घरात ‘होतं’, बाहेर ‘असतं’. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. छत्री कोपऱ्यात ठेवून बसल्या आणि मग एकदम थबकल्या.

“मॅडम, लिहिताना आरिव्हेला शेवटी एक ‘ई’ जास्तीचा ना? मी बाई आहे म्हणून?”

“हो,” मी म्हटलं, “ऐकू येत नाही, पण असतो.”