कर्ज काढून एमएस, की थांबून पीएचडी?

तू विचारलंस: सोलापुरात एम.फार्म. संपतंय, औषधांनी यकृताला होणाऱ्या इजेवरच संशोधन करायचंय, तर कर्ज काढून अमेरिकेत एमएसला, म्हणजे तिथल्या मास्टर्सला जाऊ, की वर्षभर थांबून पीएचडीला अर्ज करू? ताई म्हणून सांगते, थांब. तिथं या विषयाच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते, वर स्टायपेंड मिळतो. कर्ज डोक्यावर असलं की मुलं मिळेल ती नोकरी धरतात आणि संशोधन सुटतं. मी हे वारंवार बघितलंय.

थांबशील ते वर्ष मात्र कामी लाव. आपल्याकडे उंदरांना पॅरासिटामॉल द्यायचं, वनस्पतीचा अर्क द्यायचा, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) उतरलं की अर्क यकृतरक्षक, असे प्रबंध ढिगानं होतात. मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, यकृत वाचलं कशामुळं? इजा मूळ औषधानं होत नाही. यकृतातली औषधांवर प्रक्रिया करणारी सीवायपी एन्झाइम्स, मुख्यतः सीवायपी२ई१, त्याचं एनएपीक्यूआय हे विष बनवतात. त्याला निकामी करणारं पेशीतलं ग्लुटाथायोन आहे तोवर निभतं; ते संपलं की एनएपीक्यूआय पेशीतल्या प्रथिनांना चिकटतं आणि मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात. १९७३ साली मिचेल, जोलो, ब्रॉडी यांच्या गटानं हे माईसवर, म्हणजे छोट्या उंदरांवर दाखवलं. आता अर्कानं सीवायपीच अडवलं असेल, तर विष तयारच झालं नाही, मग रक्षण कसलं? अर्क डीएमएसओमध्ये विरघळवला असेल तर ते द्रावकही सीवायपी अडवतं. शिवाय रॅटचं, म्हणजे मोठ्या उंदराचं यकृत पॅरासिटामॉलला सहसा दाद देत नाही. माईसचं देतं, म्हणून माणसाच्या जवळ तेच. तुझ्या प्रबंधात हे तपासलं नसेल तर आत्ताच तपास. मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

हातही तयार हवेत. कोलॅजिनेज या एन्झाइमनं यकृत धुऊन जिवंत पेशी वेगळ्या करणं वाचून येत नाही. लखनौची विषविज्ञान संस्था किंवा मोहालीची औषधनिर्माण संशोधन संस्था नायपर, जिथं काही महिने शिकायला मिळेल तिथं जा. आणि आपल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजीतल्या डॉक्टरांना विनंती करून स्लाइड बघायला बस. यकृतातल्या मध्यशिरेभोवतीच्या पेशी आधी मरतात, हे तिथं डोळ्यांना दिसतं.

अर्जासोबतच्या उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) 'लहानपणापासून विज्ञानाची आवड' लिहू नकोस. अमेरिकेत तीव्र यकृतनिकामीचं पहिलं कारण पॅरासिटामॉल आहे. आपल्याकडे औषधांमुळं यकृत बिघडतं ते मोठ्या प्रमाणात क्षयाच्या औषधांनी, आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइडनी. हा आपल्या माणसांचा प्रश्न आहे, तो घेऊन जा.

गाइड निवडताना विद्यापीठाच्या नावावर जाऊ नकोस. कॅन्ससच्या मेडिकल सेंटरमध्ये पॅरासिटामॉलवर फार चांगलं काम झालंय, आणि ते नाव सोलापुरात कुणी ऐकलेलं नसेल. प्राध्यापकांचे ताजे पेपर वाच, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोल.

अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरात असते, म्हणून प्राध्यापकांना सप्टेंबरातच लिही. जानेवारीत, आपल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास मुलाखतीची बोलावणी येऊ लागतात. उद्देशपत्राचा मसुदा मला पाठव, मी ओळ न् ओळ वाचीन.