आई-बाबांना युरोप दाखवताय? आधी शहरं कमी करा

भाऊ, नागपूरहून आई-बाबांना घेऊन 12 दिवसांत सात शहरं हा तुमचा बेत सत्तरीतल्या माणसांसाठी नाही. तीनच ठेवा: प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने साधारण चार तास, पुढे बुडापेस्टला त्याहून कमी. विमानतळावर ताटकळणं वाचतं. व्हेनिसचा मोह टाळा. तिथे पुलापुलाला पायऱ्या, गुडघे बोलायला लागतात.

व्हिएन्नात 5 रात्री, बाकी दोन्हीकडे 3-3. म्हणजे शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज व्हिएन्ना ज्या देशात आहे त्या ऑस्ट्रियाकडे, कारण मुक्काम जिथे जास्त तिथेच तो करायचा असतो. त्या व्हिसासाठी प्रवासातला वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा लागतो. पण खरी मेख वेगळीच: बाबांचं बीपी, शुगर त्यात धरलंय का, ते बारीक अक्षरांत वाचा.

हॉटेलला लिफ्टबद्दल लेखी विचारा. जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत जायलाच कधी चार पायऱ्या चढाव्या लागतात.

नागपूरहून मुंबईला पोचून त्याच रात्री पुढचं विमान पकडू नका, एक रात्र थांबा. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. बाबा म्हणतील, ‘मी काय म्हातारा झालो का?’ म्हणू द्या.