लेसर की इंजेक्शन हे नंतर बघू, आधी डोळे तपासणीची तारीख बदला

ताई, २९ आठवड्यांचं बाळ, जन्मवजन ११५० ग्रॅम, आज २६ वा दिवस, कालच घरी सोडलंय आणि कार्डावर डोळ्यांची तपासणी 'लसीकरणाच्या वेळी, ६ आठवड्यांनी'. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. तुमचा प्रश्न आहे की आरओपी (वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यात चुकीच्या रक्तवाहिन्या वाढण्याचा आजार) निघालाच तर लेसर बरं की इंजेक्शन. त्याच्याकडे येतो, पण आधी तारखेचं बघा. आपल्याकडचा नियम असा: २००० ग्रॅमच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पहिली तपासणी. २८ आठवड्यांच्या किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. वजनामुळे तुमचं बाळ दुसऱ्या गटात येतं, म्हणजे दिवस उलटून गेलेत. घाबरू नका, अमेरिकेच्या वेळापत्रकात २९ आठवड्यांच्या बाळाला चौथा आठवडा दिलेला असतो. पण उद्या सकाळी फोन कराच. ६ आठवडे ना आपल्या वेळापत्रकात बसतात, ना अमेरिकेच्या.

(मी डॉक्टर नाही. बाळ बघितल्याशिवाय कोणीच काही ठरवू शकत नाही, मी तर नाहीच.)

आरओपीबद्दल बाकीचं तुम्ही वाचलेलं दिसतंय, ते सोडतो. माझा सगळा राग आहे तो डिस्चार्जच्या टेबलावर. आमच्या बाळाला जिथून घरी सोडलं तिथे (नाव घेत नाही) कार्डावर शिक्काच होता: 'वजन २ किलो झाल्यावर नेत्रतपासणी'. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, बाळ जरा धष्टपुष्ट होऊ दे वगैरे. प्रत्यक्षात हे उफराटं आहे. पडद्यातल्या चुकीच्या रक्तवाहिन्या गर्भाचं वय (गर्भारपणाचे आठवडे अधिक जन्मानंतरचे) साधारण ३२ आठवडे झालं की जोर धरतात, त्या वजनकाट्याकडे बघत नाहीत. शिवाय जन्मानंतर ज्या बाळाचं वजन सावकाश वाढतं त्यालाच आरओपीचा धोका जास्त. म्हणजे ज्याला सगळ्यात आधी बघायला हवं त्यालाच तो शिक्का सगळ्यात मागे ढकलतो. दुसऱ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत आमच्या बाळाच्या एका डोळ्याचा पडदा सुटायला लागला होता. स्टेज ४ ला, म्हणजे पडदा असा सुटायला लागला की, लेसर आणि इंजेक्शनचा वाद उरत नाही, ऑपरेशनच करावं लागतं. तपासणी सांगितलीच नाही म्हणून दृष्टी गेलेल्या एका मुलीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये सुमारे १.८ कोटींची भरपाई द्यायला लावली. तरी शिक्के आहेत तसेच.

फोनवर 'डोळ्यांचे डॉक्टर आहेत का' असं विचारू नका. 'आरओपी स्क्रीनिंग कोण करतं आणि कुठल्या वारी' असं विचारा. चष्म्याचा नंबर काढणारे चांगले डॉक्टरही हे करतीलच असं नाही. इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप (डोक्याला लावून पडदा बघायचं यंत्र), बाळाचा स्पेक्युलम (पापण्या उघड्या ठेवणारा चिमटा) आणि सवयीचा हात लागतो. जवळ कोणी नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (लहान मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराचं सरकारी केंद्र) चौकशी करा. आरबीएसके या मुलांच्या सरकारी आरोग्य योजनेच्या यादीत आरओपी आहे.

जाताना जुन्या हॉस्पिटलकडून ऑक्सिजनची नोंद लेखी घ्या: किती दिवस, व्हेंटिलेटर की सीपॅप (नाकातून दाबानं हवा देणारं यंत्र), ब्लेंडर (ऑक्सिजनमध्ये हवा मिसळणारं यंत्र) होता का. जादा ऑक्सिजननं आरओपीचा धोका वाढतो. अमेरिकेतले नियम १५०० ग्रॅमवर थांबतात आणि आपले २००० वर, त्याचं मोठं कारण हेच, की आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हवा न मिसळता सरळ १०० टक्के ऑक्सिजन दिला जातो, अँब्युलन्समध्ये तर सर्रास. पण म्हणून 'ऑक्सिजन कमी दिला असता तर' हा हिशोब डोक्यात घेऊ नका. २०१० च्या 'सपोर्ट' नावाच्या वैद्यकीय चाचणीत ८५ ते ८९ टक्के सॅच्युरेशनवर (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ठेवलेल्या बाळांत, ९१ ते ९५ च्या गटाच्या तुलनेत, गंभीर आरओपी निम्मा झाला (८.६ टक्के विरुद्ध १७.९), पण मृत्यू वाढले (१९.९ विरुद्ध १६.२). तेव्हापासून बहुतेक ठिकाणी ९० ते ९५ वर ठेवतात.

तपासणीच्या दिवशी एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा, ती म्हणजे बाहुली मोठी करायचे थेंब. मोठ्यांच्या बाटलीत फेनिलेफ्रिन ५ टक्के आणि ट्रॉपिकामाइड ०.८ टक्के असतं. बाळासाठी ते तेवढ्याच लुब्रिकेटिंग ड्रॉप्समध्ये मिसळून निम्मं करतात. हे घरी करायचं नाही, पण 'पातळ केलंय ना?' एवढं विचारायला काही हरकत नाही. गालावर ओघळलेला थेंब लगेच कापसानं पुसायला सांगा, नाहीतर तो कातडीतून अंगात जातो आणि बीपी वाढतं, पोट फुगतं, कधी श्वास अडखळतो. दूध तपासणीच्या तासभर आधी पाजून ठेवा, अगदी तोंडावर नको. बाळ गुंडाळून घ्या.

आता लेसर की इंजेक्शन. आजार झोन १ मध्ये, म्हणजे पडद्याच्या अगदी मधोमध असेल किंवा झपाट्यानं वाढणारा असेल, तर इंजेक्शनकडे कल असतो. बेव्हासिझुमॅब या इंजेक्शननं झोन १ मध्ये लेसरपेक्षा बरे निकाल दिल्याचं २०११ मध्येच दिसलं, आणि लेसरनंतर मोठा मायनस नंबर लागायचं प्रमाणही जास्त. पण औषध रक्तात उतरतं आणि शरीरातलं व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) काही आठवडे दाबून ठेवतं. वाढत्या मेंदूवर त्याचं काय होतं यावर डॉक्टरांत अजून एकमत नाही. रॅनिबिझुमॅब हे दुसरं इंजेक्शन रक्तातून लवकर जातं, म्हणून काही जण ते पसंत करतात. झोन २ (मधल्या भागाच्या बाहेरचा पट्टा) असेल आणि तुमचं गाव लांब असेल, तर माझं स्पष्ट मत लेसरच्या बाजूनं. कारण इंजेक्शननंतर आजार दबतो आणि दोन-चार महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढू शकतो. गर्भाच्या वयाचे ६५ आठवडे होईपर्यंत खेपा घालाव्या लागतात, आणि बाळ छान हसायला लागलं की नेमक्या तेव्हाच घरचे म्हणतात, आता कशाला? सल्ला दिल्यावर मात्र काहीही निवडा, ४८ ते ७२ तासांत उरका. पाचवी, बारसं, ग्रहण, सगळं नंतर.

तपासणी झाली की कागदावर दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं लिहून घ्या: झोन, स्टेज, प्लस (रक्तवाहिन्या फुगून वेड्यावाकड्या होणं) आहे की नाही, पुढची तारीख. नुसतं 'नॉर्मल' लिहिलं असेल तर रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचल्या का ते विचारा. गर्भाचं वय ३३ आठवडे असताना, म्हणजे तुमच्या बाळाचं आत्ता आहे तेवढं, त्या बहुधा पोचलेल्या नसतात, म्हणजे एक-दोन आठवड्यांनी परत जायचंच आहे. जे लिहून देतील ते इथे टाका.